ओळखीचा खर्च कोण सोसतं?

केनियाच्या पूर्वेला, सोमालियाच्या सीमेलगत गरिसा हा कोरडा, विरळ वस्तीचा प्रदेश आहे. १९९१मध्ये सोमालियातली राजवट कोसळली आणि जीव वाचवून आलेल्या लोकांसाठी गरिसातल्या दादाब इथं निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. छावणीत धान्य मिळायचं, दवाखाना होता, शाळा होती. छावणीबाहेर, त्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या केनियन सोमाली कुटुंबांच्या वाट्याला यातलं फारसं काही नव्हतं. दुष्काळाच्या वर्षांत या कुटुंबांनी जे कुणीही केलं असतं तेच केलं. पोरांना घेऊन ती छावणीत गेली, निर्वासित म्हणून नावं नोंदवली आणि धान्य घेतलं. पुढे निर्वासितांच्या नोंदी बोटांच्या ठशांसह संगणकात गेल्या. ही पोरं अठरा वर्षांची होऊन राष्ट्रीय ओळखपत्र काढायला गेली, तेव्हा त्यांचे ठसे निर्वासितांच्या यादीत सापडले. तुम्ही केनियाचे नागरिक नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ओळखपत्र नाही म्हणून पक्की नोकरी नाही, बँकेत खातं नाही, स्वतःच्या नावावर मोबाइलचं सिम नाही, पोलिसांच्या नाक्यावरून पुढे जाण्याची सोय नाही. स्थानिक संघटनांच्या अंदाजानुसार अशांची संख्या ४० हजारांच्या घरात होती.

या सगळ्यात यंत्राची चूक शोधूनही सापडत नाही. ठसे ज्याचे त्याचे होते आणि जुळणीही अचूक होती. घात झाला तो जुळलेल्या ठशाचा अर्थ लावताना. लहानपणी पोटासाठी केलेली एक नोंद जन्मभराचा पुरावा ठरली आणि ती खोडून काढण्याची जबाबदारी, ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर येऊन पडली. आपल्याकडं आसामातही असंच घडलं. नागरिकत्व नोंदवहीच्या, म्हणजे एनआरसीच्या दाव्या-हरकतींच्या टप्प्यात ज्यांचे ठसे घेतले गेले, त्यांचे आधार क्रमांक अडकून पडले. ज्यांची नावं २०१९च्या अंतिम यादीत आली, तेही त्यातून सुटले नाहीत. नऊ लाखांहून अधिक लोकांचा मार्ग मोकळा केल्याची घोषणा व्हायला २०२४चा ऑगस्ट उजाडला. ती मधली वर्षं त्यांना कुणी भरून दिली नाहीत.

डिजिटल ओळखीवरचं हे पुस्तक मी या दोन गोष्टींपासून सुरू करत आहे त्याला कारण आहे. या विषयावरची आपली चर्चा बहुतेक वेळा यंत्राच्या गुणदोषांत अडकते. ठसा किती टक्के वेळा जुळतो, माहिती चोरीला जाते का, डोळ्यांची बुबुळं बोटांपेक्षा भरवशाची का, असे प्रश्न आपण विचारतो. ते महत्त्वाचे आहेतच. पण विकसनशील देशांतल्या ओळखयंत्रणांचा अभ्यास करताना मला सतत दुसरा एक प्रश्न भेटत राहिला: या यंत्रणेचा फायदा कुणाच्या खात्यात जमा होतो आणि तिच्या चुकांचा खर्च कुणाच्या अंगावर पडतो? फायदा तिजोरीकडं, बँकांकडं, मोबाइल कंपन्यांकडं आणि यंत्रं विकणाऱ्यांकडं जातो. चुकीचा खर्च मात्र मजुराच्या बुडालेल्या रोजात, म्हातारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या हेलपाट्यात आणि सीमेवरच्या तरुणाच्या वाया गेलेल्या वर्षांत मोजावा लागतो. राजकीय अर्थकारण हा शब्द मी याच अर्थानं वापरतो.

आधी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. कागद नसण्याचं दुःख खरं आहे आणि ज्यांच्याकडं सगळे कागद आहेत त्यांनी ते हलकं लेखू नये. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ८५ कोटी लोकांकडं कुठलंही अधिकृत ओळखपत्र नाही. त्यांतले बहुसंख्य आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात राहतात. महाराष्ट्रात पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्त कुटुंबाला जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना कुठल्याही गावानं थारा दिला नाही, त्यांनी गावाचा पुरावा कुठून आणायचा? अशा माणसाला सरकारनं, ‘तुझ्याकडं कागद नसला तरी चालेल, तू समोर उभा आहेस हे पुरे आहे’, असं म्हणणं ही फार मोठी गोष्ट ठरली असती. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३०पर्यंत जन्मनोंदणीसह सर्वांना कायदेशीर ओळख देण्याचं उपउद्दिष्ट आहे, त्यामागची भावनाही हीच आहे. म्हणून ओळखपत्र असावं की नसावं हा या पुस्तकाचा वाद नाही.

बोटांच्या ठशांचा इतिहास मात्र या भावनेतून जन्मलेला नाही, आणि तो माहीत असल्याशिवाय आजच्या यंत्रणांचा स्वभाव कळत नाही. १८५८मध्ये बंगालातल्या जंगीपूरचे अधिकारी विल्यम हर्शेल यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा कराराच्या कागदावर उठवून घेतला. रस्त्यासाठी खडी पुरवण्याचा तो करार होता, आणि उद्या माणसानं शब्द फिरवू नये एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांच्या वर्गीकरणाची रीत बसवली. तिच्या आधारे १८९७मध्ये तिथं ठशांचं दप्तर सुरू झालं आणि श्रेय त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावावर गेलं. हेच हेन्री १९००मध्ये पोलिस दलाची घडी बसवायला जोहान्सबर्गला गेले. हिंदुस्थानात १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं नोंदवलेल्या जमातींच्या माणसांचे ठसे घेण्याची मुभा दिली. पारध्यांसारख्या ज्या जमातींचे ठसे तेव्हा हजेरीसाठी घेतले गेले, त्यांच्याच नातवंडांना आज पुराव्याअभावी दाखला मिळत नाही. सरकारनं एकाच समाजाला आधी जास्त ओळखलं आणि नंतर ओळख नाकारली.

आफ्रिकेत ठशांचं नातं थेट मजुरीशी जोडलं गेलं. केनियातल्या वसाहतवादी सरकारनं १९१५मध्ये कायदा केला आणि पहिल्या महायुद्धानंतर आफ्रिकी पुरुषांना ‘किपांडे’ बाळगण्याची सक्ती झाली. त्यावर ठसे असत आणि मालकानं लिहिलेला कामाचा तपशील व मजुरीही असे. हा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. काम सोडून पळालेला मजूर शोधणं गोऱ्या मळेवाल्यांना त्यामुळं सोपं झालं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरी थुकू यांच्या नेतृत्वाखाली जी चळवळ उभी राहिली, तिच्या रोषाचं एक मोठं कारण किपांडे होतं. ट्रान्सवालमध्ये १९०६च्या वटहुकुमानं आशियाई लोकांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये जमलेल्या लोकांनी तो न पाळण्याची शपथ घेतली. सत्याग्रहाचा आरंभ तिथला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात नोंदणीचे दाखले जाळण्यात आले. पण मधल्या काळात, सक्ती मागे घेतली जाईल या समजुतीवर गांधीजींनी स्वतः आपले ठसे दिले होते आणि त्यापायी एका पठाण सहकाऱ्याचा मारही खाल्ला होता. त्यांचं भांडण शाईशी नव्हतं. स्वेच्छेनं दिलेली नोंद आणि जबरदस्तीनं घेतलेली नोंद यांत त्यांना मूलभूत अंतर दिसत होतं. एकशे दहा वर्षांनी दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयात जवळपास हाच युक्तिवाद पुन्हा ऐकू आला.

दक्षिण आफ्रिकेतले इतिहासकार कीथ ब्रेकनरिज यांनी ‘बायोमेट्रिक स्टेट’ या २०१४च्या ग्रंथात दाखवलं आहे की, जिथं सरकारला गावोगाव जन्म-मृत्यूची दप्तरं ठेवायची इच्छा किंवा ऐपत नव्हती, तिथं ठशांवर भिस्त ठेवली गेली. मला हे निरीक्षण या विषयाची किल्ली वाटतं. जन्मनोंदणीला गावात माणूस लागतो, त्याला पगार लागतो, दप्तर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं आणि त्यातून निवडणुकीपुरतं दाखवता येईल असं काही हाती लागत नाही. ठशांची मोहीम मात्र तीन-चार वर्षांत पुरी होते, तिचा आकडा रोज वाढताना दिसतो आणि ती कंत्राटावर देता येते. म्हणून गरीब देशांची सरकारं, त्यांना कर्ज देणाऱ्या संस्था आणि यंत्रं विकणाऱ्या कंपन्या या तिघांनाही ही वाट सोयीची वाटली.

आधारची कहाणी या पुस्तकात सर्वांत जास्त जागा घेते. ती आपली आहे म्हणून, आणि इतर देशांनी तीच समोर ठेवली म्हणूनही. या प्रकल्पात तीन वेगवेगळ्या इच्छा एकत्र आल्या होत्या. कारगिल युद्धानंतर देशाच्या सुरक्षेसाठी नागरिकांची नोंदवही हवी, असा विचार पुढे आला आणि २००३मध्ये नागरिकत्व कायद्यात त्यासाठी दुरुस्ती झाली. अनुदानाची गळती थांबवायची ही दुसरी इच्छा. तिसरी बाजाराची होती: कोट्यवधी लोकांना बँक, विमा, कर्ज आणि मोबाइल विकायचे तर ग्राहकाची ओळख पटवण्याचा खर्च रुपया-दोन रुपयांवर आणायला हवा. २००९मध्ये आधारसाठी प्राधिकरण स्थापन झालं, नंदन निलेकणी त्याचे अध्यक्ष झाले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हस्ते पहिले आधार क्रमांक दिले गेले. सर्वांत वंचित माणसापासून सुरुवात, हा त्यातला संदेश होता आणि त्यातला प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. पण तेव्हा त्यामागे संसदेनं केलेला कायदा नव्हता. डिसेंबर २०११मध्ये यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थायी समितीनं विधेयक परत पाठवलं, तरी नोंदणी सुरूच राहिली. कायदा २०१६मध्ये झाला आणि तोही धन विधेयक म्हणून, म्हणजे राज्यसभेच्या दुरुस्त्या बंधनकारक नसलेल्या मार्गानं. तोवर बहुसंख्य प्रौढांचे ठसे घेऊन झाले होते.

वेगामागं पैशाची रचना होती. यशस्वी नोंदणीमागं ५० रुपये नोंदणी करणाऱ्या विभागांना मिळत आणि प्रत्यक्ष काम त्यांनी नेमलेल्या खासगी संस्था नगावर करत. नगावर मजुरी मिळाली की नग वाढतात. नावाचं स्पेलिंग, जन्माचं साल, बोटांवरची झीज याकडं बघायला कुणाला सवड असणार? एक जानेवारी ही जन्मतारीख असलेले किती आजी-आजोबा गावोगाव आहेत, हे कुठल्याही सेतू केंद्रातला मुलगा सांगेल. २०२२च्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी हाच मुद्दा काढला. नोंदणीच्या वेळी ठसे नीट घेतले गेले नाहीत आणि दुरुस्तीचे पैसे मात्र लोकांनी भरले. चूक करणाऱ्याला मोबदला मिळाला आणि ती निस्तरण्याची फी चूक सोसणाऱ्यानं भरली. या पुस्तकात हा आकृतिबंध देशोदेशी पुन्हा पुन्हा भेटेल.

आता रेशन दुकानाकडं वळतो. आधारच्या बाजूनं सर्वांत जोरात मांडलेला युक्तिवाद इथलाच होता: बोगस कार्डं निघतील, चोरी थांबेल. चोरी खरीच होती. पण ती कशी होत होती? ज्याँ द्रेज आणि रीतिका खेरा यांनी वर्षानुवर्षं सांगितलं की, बरीचशी चोरी मापात होते. पंचवीस किलोचा हक्क, हातात वीस किलो, आणि वहीत सही पंचवीसची. ई-पॉस मशीन अंगठा तपासतं, तराजू तपासत नाही. अंगठा खरा, कार्ड खरं आणि तरीही माप खोटं असू शकतं. दुसरीकडं त्या मशीनला एकाच वेळी वीज, नेटवर्क, चालू सर्व्हर आणि न झिजलेली बोटं लागतात. ऊसतोडीला जाणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, विटा थापणाऱ्या हातांवरच्या रेषा आधी पुसट होतात. ‘आजी, अंगठा लागत नाही, उद्या या,’ एवढ्या एका वाक्यात राज्यसंस्था तिचा खर्च त्या आजीकडं सरकवते. मशीन व्यवहार झाल्याची नोंद ठेवतं. माणूस रिकामी पिशवी घेऊन परत गेला याची नोंद कुठेही होत नाही. म्हणून सरकारी तक्त्यात तो कमी झालेल्या उचलीत, पर्यायानं बचतीत दिसतो. मला या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट कुठली असेल तर ती हीच आहे.

बचतीच्या आकड्यांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. जागतिक बँकेच्या २०१६च्या विकास अहवालानं आधारमुळं वर्षाला ११ अब्ज डॉलरच्या बचतीचा आकडा दिला आणि तो जगभर फिरला. द्रेज आणि खेरा यांनी त्याचा माग काढला, तेव्हा ११ अब्ज ही हस्तांतराच्या योजनांची एकूण रक्कम निघाली. स्वयंपाकाच्या गॅसच्या बाबतीतही महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की, अनुदानावरचा खर्च घटला तो प्रामुख्यानं आंतरराष्ट्रीय बाजारात भाव पडल्यामुळं. झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी मोठा प्रयोगात्मक अभ्यास केला. अंगठ्याच्या सक्तीनं गळती कमी झाल्याचं त्यांना आढळलं नाही. उलट, ज्यांचं कार्ड आधारशी जोडलेलं नव्हतं अशा कुटुंबांना मिळणारं धान्य सुमारे दहा टक्क्यांनी घटलं. याच संशोधकांनी त्याआधी एकत्रित आंध्र प्रदेशात स्मार्टकार्डांचा अभ्यास केला होता. तिथं रोजगार हमीची मजुरी लवकर मिळू लागली, मधली चोरी कमी झाली आणि लोकांनी नव्या पद्धतीला पसंती दिली. तंत्र साधारण सारखंच असून निकाल उलट का? आंध्रात कार्ड नसलेल्यांचे पैसे अडवले गेले नव्हते आणि यंत्रणेचा भर मजुराला त्याच्या गावात पैसे पोचवण्यावर होता. झारखंडात भर खर्च आटोक्यात ठेवण्यावर होता. ठसा दोन्हीकडं ठसाच होता, मागचा राजकीय हेतू वेगळा होता.

महाराष्ट्रानं हे अगदी अलीकडं अनुभवलं. २०२४च्या जुलैमध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली, दरमहा १,५०० रुपये. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जाणार असल्यामुळं बँकांसमोर रांगा लागल्या. कुठल्या खात्याला आधार जोडलेलं आहे हेच अनेकींना माहीत नव्हतं, आणि पैसे कधीकाळी उघडलेल्या विसरलेल्या खात्यात जमा झाले. २०२५मध्ये ई-केवायसी सुरू झालं तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक मागण्यात आला. विधवा, टाकलेल्या, वडील हयात नसलेल्या स्त्रिया अडल्या, तेव्हा मुदत वाढवावी लागली. निवडणुकीआधी नोंदणी सैल असते आणि निवडणुकीनंतर पडताळणी कडक होते, हा क्रम योगायोगाचा म्हणून सोडून देणं मला कठीण जातं.

पाकिस्तानातली परिस्थिती याच्याशी ताडून पाहावी. तिथं २०००मध्ये राष्ट्रीय ओळखपत्रं देणारी नाद्रा ही संस्था स्थापन झाली. २००८च्या बेनझीर उत्पन्न साहाय्य योजनेचे पैसे घरातल्या बाईच्याच नावावर जाऊ लागले आणि त्यासाठी ओळखपत्र हवं म्हणून लाखो स्त्रियांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा सरकारी कागद हातात घेतला. हे यश मोठं आहे. पण ते कार्ड मिळवण्याची वाट बहुधा बाप-नवऱ्याच्या कागदांतून जात होती. मे २०१६मध्ये तालिबानचा म्होरक्या मुल्ला मन्सूर मारला गेला आणि त्याच्याजवळ पाकिस्तानी ओळखपत्र निघालं. त्यानंतरच्या फेरतपासणीत लाखो कार्डं गोठवली गेली, त्यांत पश्तून मोठ्या संख्येनं होते. कार्ड गोठलं की खातं, सिम, भाड्याचं घर, परीक्षा, सगळं एकदम थांबतं. पूर्वी सरकारला माणसाला अडवायचं तर दहा खात्यांतून दहा हुकूम काढावे लागत. आता एका ठिकाणची नोंद पुरते.

युगांडाबद्दल थोडक्यात. तिथली नोंदणी २०१४मध्ये, निवडणुकीच्या आधी, सुरक्षा यंत्रणांच्या छायेत झाली. वृद्धांच्या अनुदानासाठी तीच नोंद लागते आणि कार्डावर वय कमी पडलं तर सुरकुतलेला चेहरा पुरावा ठरत नाही.

बाजाराची बाजू सर्वांत उघडपणे दिसली ती दक्षिण आफ्रिकेत. २०१२मध्ये सरकारनं सामाजिक अनुदानं वाटण्याचं काम नेट-वन या कंपनीच्या उपकंपनीकडं सोपवलं. सुमारे १.७ कोटी अनुदानं. निवृत्तिवेतन, अपंगत्व, बालसंगोपन. लाभार्थ्यांचे ठसे, खाती आणि पैसे जमा होण्याचा नेमका दिवस, तिन्ही एकाच उद्योगसमूहाच्या हाती आले. त्याच समूहातल्या इतर कंपन्या कर्ज, विमा, मोबाइलचा रिचार्ज आणि प्रीपेड वीज विकत होत्या. हप्ता अनुदान खात्यातून आधीच वळता व्हायचा. गरिबाला कर्ज देण्यातली जोखीम अशा रीतीनं जवळजवळ संपली, कारण परतफेडीची हमी सरकारी तिजोरीच देत होती. आजीबाई पैसे काढायला जायच्या आणि हातात निम्मेच पडायचे. ब्लॅक सॅश या जुन्या स्त्री-संघटनेनं याविरुद्ध मोहीम चालवली. मूळ कंत्राट बेकायदा असल्याचं घटना न्यायालयानं २०१३मध्येच म्हटलं होतं, तरी २०१७मध्ये त्याच न्यायालयाला ते वाढवून द्यावं लागलं. अनुदानं वाटण्याची दुसरी कुठलीही व्यवस्था सरकारनं उभी केलेली नव्हती. मधल्या काळात, २०१६मध्ये, जागतिक बँक समूहातल्या आयएफसीनं या कंपनीत सुमारे १०.७ कोटी डॉलर गुंतवले होते. आर्थिक समावेशन हा त्यामागचा शब्द होता.

नायजेरियानं २०१४मध्ये राष्ट्रीय ओळखपत्रावर मास्टरकार्डचं बोधचिन्ह छापलं. भारतात २०१६मध्ये रिलायन्स जिओनं आधारच्या ई-केवायसीवर काही महिन्यांत कोट्यवधी ग्राहक जोडले. २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधार कायद्यातलं खासगी वापराचं कलम ५७ रद्द केलं. २०१९च्या दुरुस्तीनं बँका आणि मोबाइल कंपन्यांसाठी वाट पुन्हा उघडली आणि जानेवारी २०२५च्या नियमांनी ती आणखी रुंद केली. न्यायालयात हरलेली गोष्ट नियमांतून परत येते, कारण तिच्यामागं उभे असलेले हितसंबंध हरलेले नसतात. यंत्रपुरवठ्याचा बाजारही मूठभरांचा आहे. आधारच्या सुरुवातीच्या काळात दुबार नोंदी शोधणाऱ्या तीन पुरवठादारांत मॉर्फो आणि एल-वन या दोन कंपन्या होत्या. पुढे त्या एका छताखाली गेल्या. आज आयडेमिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच समूहाची यंत्रं केनियातल्या नोंदणीत वापरली गेली. एका कंपनीच्या विळख्यातून सुटण्याचा प्रयत्न म्हणून बंगळुरूच्या आयआयआयटीत २०१८पासून मोसिप ही खुली प्रणाली विकसित झाली. फिलिपिन्स, मोरोक्को, इथिओपिया यांनी ती स्वीकारली आहे. कंत्राटदाराच्या गुलामीतून ती देशांना सोडवू शकते, हे मी मान्य करतो. रेशन दुकानातल्या आजीच्या प्रश्नाला मात्र तिच्यात आपोआप उत्तर नाही.

न्यायालयांचा भाग मला लिहिताना सर्वांत जास्त उमेद देऊन गेला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या २०१२च्या याचिकेतून ऑगस्ट २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. २६ सप्टेंबर २०१८ला चार विरुद्ध एक मतानं आधार टिकलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा विरोधी निकाल. दिल्लीत तो अल्पमतात राहिला, पण एप्रिल २०१९मध्ये जमैकाचे सरन्यायाधीश ब्रायन साइक्स यांनी आपल्या देशाचा सक्तीचा ओळखपत्र कायदा रद्द करताना त्याचाच आधार घेतला. जमैकानं २०२१मध्ये नवा कायदा केला, त्यात नोंदणी ऐच्छिक आहे. केनियात ‘हुदुमा नंबा’ या ओळख क्रमांकाच्या योजनेला नुबियन समाजाच्या संघटनेनं आव्हान दिलं. ब्रिटिशांनी सैनिक म्हणून सुदानातून आणलेल्या या लोकांना शंभर वर्षांनंतरही ओळखपत्रासाठी वेगळ्या चौकशी समितीसमोर उभं राहावं लागत होतं. जानेवारी २०२०मध्ये उच्च न्यायालयानं डीएनए आणि राहत्या जागेचं अचूक स्थान गोळा करायला बंदी घातली. ऑक्टोबर २०२१मध्ये, माहितीच्या जोखमीचं मूल्यमापन न करता कार्डवाटप सुरू केल्याबद्दल ते बेकायदा ठरवलं. सरकार बदललं, योजना बुडाली आणि २०२३मध्ये ‘माइशा नंबा’ या नावानं नवी योजना आली.

वेगळी वाट आहे का, असं वाचक विचारतील. पेरू हा देश मी त्यासाठी निवडला. शायनिंग पाथ या माओवादी बंडखोर संघटनेच्या हिंसाचारात तिथल्या डोंगराळ भागातली जन्म-मृत्यूची दप्तरं जळाली होती. १९९५मध्ये उभ्या राहिलेल्या रेनिएक या संस्थेनं ओळखपत्र आणि जन्मनोंदणी या दोन्ही गोष्टी हळूहळू एका छताखाली आणल्या, फिरती पथकं दुर्गम वस्त्यांत नेली आणि आयमारासारख्या मूळनिवासी भाषांत नोंदणीची सोय केली. काम संथ आहे, दोषही आहेत. तरी तिथं नोंद करण्यासाठी चालत जाणं हा सरकारचा खर्च मानला गेला.

या पुस्तकात चीन आणि एस्टोनिया नाहीत. पहिल्याच्या यंत्रणेबद्दल स्वतंत्रपणे पडताळता येईल अशी माहिती थोडी आहे आणि दुसऱ्याच्या यशामागं असलेली प्रशासनाची घडी आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही. प्रकरणांचा क्रम देशवार ठेवलेला नाही. आधी धान्य आणि मजुरी, मग कर्ज आणि बाजार, मग सीमा आणि नागरिकत्व, शेवटी न्यायालयं अशी मांडणी आहे. प्रत्येक प्रकरणात शक्य तिथं मी नाकारल्या गेलेल्या माणसांची संख्या शोधण्याचा प्रयत्न केला आहे. बहुतेक सरकारं ती ठेवत नाहीत, म्हणून तिथं गावपातळीवरच्या पाहण्या, न्यायालयातली शपथपत्रं आणि लेखापरीक्षकांचे अहवाल यांवर भिस्त ठेवावी लागली. ज्यांना सगळं पुस्तक वाचायला सवड नाही, त्यांनी दक्षिण आफ्रिकेवरचा भाग आधी वाचावा. थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजना आता महाराष्ट्रातही घरोघर पोचल्या आहेत, आणि त्या खात्यांकडं बघून कर्ज विकणारी ॲप्सही त्यांच्या मागोमाग आली आहेत.